सीन नंबर एकसष्ट ए

मिसेस कॉबल पहिल्यांदा आमच्या वाचनकक्षात आल्या तेव्हा मला वाटलं, ह्याही दार चुकल्या. शेजारीच पायांचा दवाखाना आहे. आठवड्याला एखादं तरी म्हातारं माणूस आमच्याकडे शिरतं, खुर्चीत टेकतं आणि निवांत बूट काढायला लागतं. मग त्याची समजूत घालून त्याला बाहेर नेणं माझ्याच गळ्यात पडतं. ह्यांनी बूट काढले नाहीत. कोट काढून खुर्चीच्या पाठीवर घातला, पर्समधून टोक केलेली पेन्सिल काढली आणि म्हणाल्या, "'वेक्सकोम फेरी'. लेखकाची प्रत नको. स्टुडिओची हवी, रंगीत पानांची."

मी चष्मा कपाळावर चढवला. बाहेरचं माणूस असं मागत नाही. आमच्याकडे जुन्या ब्रिटिश सिनेमांच्या चार हजारांवर पटकथा आहेत आणिक त्या बघायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना कागदाचा रंग कसा ते ठाऊक नसतं. पटकथा आधी पांढऱ्या कागदावर टाइप व्हायची. चित्रीकरणाच्या काळात जे पान बदलेल ते निळ्या कागदावर, त्यानंतरचे बदल गुलाबीवर, मग पिवळ्यावर. कोपऱ्यात तारीख आणि टाइप करणारीची आद्याक्षरं. माझे वडील ग्रेंज लेन स्टुडिओत सुतार होते. आमच्या घरी दूधवाल्याला निरोप लिहायचे ते असल्याच पानांच्या पाठीवर. तो स्टुडिओ पाडला, आता तिथे सुपरमार्केट आहे. पाडताना जे कागद फेकले त्यातले काही दोन शाळामास्तरांनी हातगाडीवर घालून वाचवले, त्यांचंच हे संग्रहालय झालं. बाकीचे जळाले.

'वेक्सकोम फेरी'ची स्टुडिओची प्रत त्या बाकीच्यांत होती. मी त्यांना तसं सांगितलं आणि म्हटलं की लेखकाने स्वतः भेट दिलेला पहिला खर्डा मात्र आहे, जानेवारी एकसष्टचा, सहीनिशी. रॅल्फ पेनहॅलो यांचा.

"त्याचा हात लागलेला कागद मला नको," त्या शांतपणे म्हणाल्या. "दुसऱ्या खोक्यांतून बघते. एखाद्या नटाची प्रत चुकून भलत्या खोक्यात गेली असेल. जायच्या."

मला पेनहॅलो कधीच आवडला नव्हता, हे इथेच सांगून टाकतो. नाहीतर पुढे कोणी म्हणेल की बाईंच्या नादी लागून माझं मत झालं. सतरा खोकी त्याने आम्हाला दिली आणि प्रत्येक खोक्याबरोबर एक पत्र, की उजेड किती असावा, दमटपणा किती असावा, आणि चिठ्ठीवर त्याचं नाव केवढ्या अक्षरात असावं. आमच्या संचालिका हेलन स्ट्रूड ती पत्रं फायलीत लावायच्या. मी असतो तर शेगडीत लावली असती.

मिसेस कॉबल दर गुरुवारी साडेदहाच्या बसने येऊ लागल्या. बासष्ट साली पडद्यावर आलेल्या आणि त्याच्या आगेमागे झालेल्या सगळ्या सिनेमांची खोकी त्यांनी एकेक करून मागवली. पान न् पान उलटायच्या. दुपारी बाहेरच्या बाकावर बसून चीज आणि लोणच्याचं सँडविच खायच्या आणि पुन्हा आत. जूनपर्यंत नव्वद खोकी झाली. त्यांना हवी होती तीन गुलाबी पानं, कोपऱ्यात ई. टी. अशी अक्षरं असलेली. ई. टी. म्हणजे एनिड टॅरंट, म्हणजे लग्नाआधीच्या त्याच. हे त्यांनी मला तुकड्यातुकड्याने सांगितलं, मी ते एकत्र करून सांगतो.

एकसष्ट साली एनिड तेवीस वर्षांची, ग्रेंज लेनच्या पटकथा विभागात टायपिस्ट. विभाग म्हणजे एक लांब खोली आणि अकरा मुली. आई लिलियन स्टुडिओच्याच कपडेपटात धुलाईला. घरात आणखी एक होता, मोठा भाऊ लेन. व्यापारी जहाजावर खलाशी होता, एकोणिसाव्या वर्षी बिस्केच्या आखातात बुडाला. त्याला सहा वर्षं झाली होती, तरी आई रोज पाच वाजता त्याचा कप भरून ठेवायची. एकदा एनिड तो ओतून टाकायला गेली तर आई म्हणाली, "राहू दे. त्याला गरम चहा कुठे चालतो? निवतोय तो. येईपर्यंत बरोबर होईल."

'वेक्सकोम फेरी' ही एका खाडीवरच्या नावाड्याची गोष्ट. पेनहॅलोने पटकथा दिली आणि चित्रीकरण सुरू झालं त्या आठवड्यात तो मायोर्काला मासे धरायला गेला. ही त्याची मोठी ऐट होती. चित्रीकरण लागलं की मी स्टुडिओकडे फिरकत नाही, एक स्वल्पविरामही बदलत नाही, असं तो मुलाखतींतून सांगायचा, अजूनही सांगतो. मार्चमध्ये दिग्दर्शकाने नाचघराचा एक मोठा प्रसंग काढून टाकला. सिनेमाला मध्येच भोक पडलं. मायोर्काला तीन तारा गेल्या, उत्तर नाही. शनिवारी दिग्दर्शक टायपिस्टच्या खोलीत येऊन हताशपणे म्हणाला की कोणाला काही सुचत असेल तर लिहा, मी कोणाचंही वाचेन.

रविवारी दुपारी आई डुलकी काढत होती तेव्हा एनिडने स्वयंपाकघराच्या टेबलावर तीन पानं लिहिली. नावाड्याच्या झोपडीत एक बाई येते, बुडालेल्या पोराचा कप मांडते आणि नावाड्याला म्हणते की राहू दे, निवतोय तो. एवढंच. सोमवारी दिग्दर्शकाने ती उभ्याउभ्या वाचली आणि म्हणाला, "गुलाबीवर टाइप कर. मंगळवारी घेऊ."

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. सिनेमा आज लोकांना आठवतो तो त्या तीन मिनिटांसाठीच. पेनहॅलोला त्याच्यासाठी पारितोषिक मिळालं आणि त्याने ते घेतलं. भाषणात त्याने सांगितलं की हा प्रसंग आपल्याला कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर एका पहाटे सुचला. दिग्दर्शक त्याआधीच मोटार अपघातात गेला होता.

लिलियनने तो सिनेमा बोरहमवुडच्या थिएटरात पाहिला, धुलाईच्या सगळ्या बायकांबरोबर. स्वतःचे शब्द तिने पडद्यावरच्या नटीच्या तोंडून ऐकले. दुसऱ्या दिवसापासून भाजीवाल्याकडे पोरं एकमेकांना म्हणायला लागली, राहू दे, निवतोय तो. तिने लेनचा कप भरणं बंद केलं. पुन्हा कधीच भरला नाही.

"मी सांगणार होते तिला," मिसेस कॉबल म्हणाल्या. "पडद्यावर माझं नाव येईल, मी तिच्या शेजारी बसेन, हात धरेन, सांगेन की हे मी लिहिलं, आपल्या लेनसाठी. घरातल्याने लिहिलं की ते घरातलंच राहतं, असं मला वाटायचं. वेडीच होते. पण नाव त्याचं आलं. तिला वाटलं, मी त्या दाढीवाल्या लेखकाबरोबर दारू पीत बसले आणि तिची चेष्टा करत घरातलं त्याला सांगितलं. मी म्हटलं, आई, मी लिहिलंय ते. तर म्हणाली, पडद्यावर त्याचं नाव आहे, एनिड. खोटं बोलायचं तर नीट तरी बोल."

एनिड पेनहॅलोकडे गेली. नाव मागायला नाही, पारितोषिक मागायला नाही. माझ्या आईला दोन ओळी लिहा, एवढंच मागितलं. तो म्हणाला की धुणेवालीला पत्रं लिहायची वेळ आपल्यावर अजून आलेली नाही. त्याच आठवड्यात व्यवस्थापकाने तिला बोलावून सांगितलं की तू बाहेर भलत्यासलत्या बढाया मारतेस, लेखकाची बदनामी करतेस. शुक्रवारी ती रस्त्यावर. पुढे कुठल्याच स्टुडिओने घेतलं नाही, सगळीकडे एकच निरोप आधी पोहोचलेला असायचा. तीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. आई चौऱ्याहत्तर साली गेली. बारा वर्षं एकाच घरात राहून मायलेकींनी त्या विषयावर पुन्हा शब्द काढला नाही. आई नीट बोलायची, पण परक्या माणसाशी बोलावं तसं.

"मला ती पानं सापडली," त्या म्हणाल्या, "की मी त्याच्या दारावर चिकटवीन. शेजाऱ्यांच्याही दारावर चिकटवीन."

पण पानं सापडेनात. ऑगस्ट संपला, दीडशे खोकी झाली. आणि सप्टेंबरात हेलनबाई हसतमुखाने आल्या आणि मला म्हणाल्या की पंधरा नोव्हेंबरला मिस्टर पेनहॅलो स्वतः येणार, टाऊन हॉलमध्ये व्याख्यान आणि मग आपल्या वाचनकक्षाला त्यांचं नाव. मी म्हटलं, "ह्या खोलीला? जिथे मी बसतो?" त्या म्हणाल्या, "कीथ, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत ते." जणू वय झालं की माणूस आपोआप धुऊन निघतो.

गुरुवारी मी मिसेस कॉबलना ते सांगितलं. त्यांनी पुढ्यातलं खोकं मिटवलं. मग म्हणाल्या, "आण त्याचं खोकं. बघू तरी, काय जपून ठेवलंय ते."

मी खोकं आणलं, फीत सोडली, तो प्रसिद्ध खर्डा त्यांच्यापुढे ठेवला. शुभ्र पांढरी पानं, पहिल्या पानावर जानेवारी १९६१, खाली सही. त्यांनी तो वाचला नाही. टायपिस्ट वाचत नाही, नुसती कडेने नजर खाली उतरवत जाते. दहा मिनिटं झाली असतील, आणि त्या हसायला लागल्या. बारीक नाही, चांगलं खदखदून. कोपऱ्यात बसलेल्या एका विद्यार्थिनीने वळून पाहिलं.

"इकडे ये, कीथ. तुझा बाप सुतार होता ना? हे बघ."

त्यांचं बोट एका आकड्यावर होतं. ६१. पुढच्या पानावर ६१ ए. मग ६१ बी, ६१ सी. आणि तीन पानं मागे, ५८, आणि त्याच्यापुढे एकच शब्द: वगळला.

मी सुताराचा मुलगा, मला शिकवावं लागलं नाही. पटकथा लेखकाकडून येते तेव्हा तिच्यातल्या प्रसंगांना आकडे नसतात. आकडे टायपिस्ट घालते, तेही अगदी शेवटी, चित्रीकरणाच्या तोंडावर. आणि एकदा घातले की ते कोणी हलवायचे नाहीत, कारण सुतार, रंगारी, कपडेपट, दिवेवाले, सगळे त्या आकड्यांवर चालतात. नवा प्रसंग मध्ये आला तर त्याला मागच्याच आकड्याला ए लावायचा. प्रसंग काढला तर आकडा तसाच ठेवायचा आणि पुढे 'वगळला' लिहायचं. नाहीतर माझे वडील बासष्टसाठी त्रेसष्टची भिंत बांधून बसले असते. तेव्हा ज्या प्रतीत ६१ ए आहे ती पहिला खर्डा असूच शकत नाही. ती चित्रीकरण संपल्यावरची प्रत आहे, कोणीतरी ती पुढे स्वच्छ पांढऱ्या कागदावर उतरवून घेतली आणि वर जानेवारी घातला.

"मूळ खर्डा त्याने कधीच फेकला असणार," मिसेस कॉबल म्हणाल्या. "पुढे संग्रहालयं मागायला लागली तेव्हा एखादी मुलगी बसवली असेल. तिने बिचारीने पुढ्यात होतं ते इमानाने टाइप केलं. आकडे काय सांगतात ते त्याला कुठे ठाऊक? आयुष्यात एक पान स्वतः टाइप केलेलं नाही."

मी उड्या मारत हेलनबाईंकडे गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं, हे कबूल करतो. मग म्हणाल्या की ह्याने प्रत नंतरची ठरते, पण मिसेस कॉबलनी लिहिलं असं कुठे ठरतं? समारंभ होऊ दे, मग जानेवारीत एक समिती नेमू. समिती म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. सत्तरीच्या बाईला समिती. मी काही बोललो ते इथे लिहीत नाही, त्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली आहे.

मिसेस कॉबल मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर बोलतेय ती. कागदाने नाही ठरत. त्याच्याच तोंडून ठरवायला हवं." आणि विचारलं की व्याख्यानाला कोणकोण येणार. मी म्हटलं, नेहमीचीच मंडळी. ग्रेंज लेनचे जे जिवंत आहेत ते सगळे येतात, फुकटचा चहा आणि केक असतो. "मग झालं," त्या म्हणाल्या.

पंधरा नोव्हेंबरला शनिवार होता, दुपारचे तीन. हॉल भरला होता. निम्म्या डोक्यांवर पांढरे केस आणि निम्म्यांवर तेही नाहीत. दिवेवाले, रंगारी, कपडेपटातल्या बायका, वडिलांच्या बरोबर काम केलेला स्टॅन ग्रिब चाकाच्या खुर्चीत. एका कोपऱ्यात स्थानिक वर्तमानपत्राची वार्ताहर. पेनहॅलो व्यासपीठावर, मखमली कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी. तो चाळीस मिनिटं बोलला आणि वाईट बोलला नाही, हेही सांगायला हवं. कॉर्नवॉलची पहाट आली, मायोर्काचे मासे आले. लोक हसले.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मिसेस कॉबल उभ्या राहिल्या. निळा कोट, हातात काही नाही. आवाज शाळेतल्या जेवणाच्या रांगेला लावायच्या तसा, मोठा आणि सपाट.

"मिस्टर पेनहॅलो, चित्रीकरण सुरू झाल्यावर तुम्ही पटकथेला हात लावत नव्हता, हे खरं का?"

"कधीच नाही, बाई," तो म्हणाला. "एक स्वल्पविरामही नाही."

"'वेक्सकोम फेरी'च्या वेळीही?"

"मी मायोर्कात होतो. आत्ताच सांगितलं."

"म्हणजे चहाचा तो प्रसंग तुमच्या पहिल्या खर्ड्यातच होता."

"पहिल्या दिवसापासून. खर्डा इथेच आहे, कोणीही जाऊन बघावा." त्याने हेलनबाईंकडे हात केला. हेलनबाईंचं हसू तोंडावर होतं, पण डोळ्यांतून गेलं होतं.

"मी बघितला," मिसेस कॉबल म्हणाल्या. "मग त्या प्रसंगाचा आकडा एकसष्ट ए कसा?"

पेनहॅलो त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिला. त्याला प्रश्न कळलाच नव्हता. पण हॉलला कळला. केकच्या बशा गुडघ्यांवर तशाच राहिल्या. कपडेपटातल्या एक म्हाताऱ्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "ए?" आणि ते सगळ्यांना ऐकू आलं.

"आकडे वगैरे कारकुनी काम," पेनहॅलो म्हणाला. "ते मुली बघायच्या."

"हो," मिसेस कॉबल म्हणाल्या. "मीच बघायचे. आणि अठ्ठावन्नच्या पुढे 'वगळला' असं आहे. जानेवारीत. जानेवारीत तुम्ही काय वगळलं?"

त्यावर स्टॅन ग्रिबने खुर्ची पुढे ढकलली. त्याला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं, त्याला कधीच सांगावं लागत नाही. "अठ्ठावन्न म्हणजे नाचघर," तो म्हणाला. "मी बांधलंय ते. मी आणि ह्या कीथच्या बापाने. तीन आठवडे राबलो, सज्जा केला, कठडे केले, आणि मार्चमध्ये एक फूटही शूट न करता दिग्दर्शकसाहेबांनी पाडायला लावलं. मला तारीखही ठाऊक आहे, त्या दिवशी मला मुलगी झाली. जानेवारीत कसं वगळाल? जानेवारीत ते उभंही नव्हतं. आणि मार्चमध्ये तर तुम्ही मासे धरत होता, रॅल्फसाहेब."

कोणी ओरडलं नाही. आमची माणसं ओरडत नाहीत. एक दिवेवाला उठला, बशी खुर्चीवर ठेवली, टोपी घातली आणि चालता झाला. त्याच्या मागे दुसरा. कपडेपटाच्या बायका उठल्या. त्या लिलियनला ओळखत होत्या, तिच्याबरोबर थिएटरात बसल्या होत्या. त्यातली एक जाताना मिसेस कॉबलजवळ थांबली आणि म्हणाली की एनिड, आम्ही तुला खोटं समजलो गं. मिसेस कॉबल म्हणाल्या, "समजलातच." त्यांनी तिलाही सोडलं नाही. मला ते आवडलं.

पाच मिनिटांत हॉलमध्ये केक उरला आणि हेलनबाई. वार्ताहर व्यासपीठाच्या पायऱ्यांशी वही घेऊन उभी. हेलनबाईंनी पेनहॅलोला दंडाला धरून मागच्या दाराने गल्लीपलीकडच्या आमच्या वाचनकक्षात आणलं आणि स्वतः दारात वार्ताहराला थोपवायला गेल्या. तो माझ्या खुर्चीत बसला. भिंतीवर त्याच्या नावाची पितळी पाटी कागदात गुंडाळलेली. मी मिसेस कॉबलना आत घेतलं आणि दार लावलं.

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू... एनिड ना? कोपऱ्यात बसायचीस."

"मिसेस कॉबल," त्या म्हणाल्या.

तो पटापट बोलायला लागला. इतकी वर्षं झाली, त्या काळी तशीच पद्धत होती, सगळेच तसं करायचे. नाव हवं असेल तर सिनेमाच्या नव्या प्रतीत नाव घालता येईल, आधी तुमचं, मग माझं. फक्त त्या वार्ताहर पोरीशी आपण दोघांनी मिळून, नीट, समंजसपणे बोलावं.

"नाव नको," मिसेस कॉबल म्हणाल्या. "पत्र हवं. माझ्या आईला. बासष्ट साली मागितलं होतं."

"त्या अजून आहेत?"

"नाहीत. लिहा."

आमच्या वाचनकक्षात शाईला बंदी आहे. वीस वर्षं मी लोकांची पेनं काढून घेत आलो. त्या दिवशी मी माझं स्वतःचं पेन खिशातून काढलं, टोपण उघडलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. कागद दिला. मिसेस कॉबल त्याच्या मागे उभ्या राहिल्या आणि सांगू लागल्या, तो लिहू लागला. पहिल्याच ओळीत त्याने 'गैरसमज' असा शब्द घातला.

"गैरसमज नव्हता," त्या म्हणाल्या. "सोय होती. खोडू नका, नवा कागद घ्या. एका अक्षरासाठी आम्हाला अख्खं पान पुन्हा टाइप करायला लावायचात."

दुसऱ्या कागदावर त्याने टॅरंटचं स्पेलिंग चुकवलं. तिसरा कागद. मला दया येईल असं वाटलं होतं, आली नाही. मी तिसरा कागद सरळ करून दिला.

शेवटी लिहून झालं. त्याने सही केली, खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, "आता तरी त्या पोरीशी काही बोलणार नाही ना तुम्ही?"

"बोलणार तर," मिसेस कॉबल म्हणाल्या. "सगळं बोलणार. नाही बोलणार असं मी कधी म्हटलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"आता वाचा," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच तर सांगितलंत. काय लिहिलंय ते ठाऊक आहे तुम्हाला."

"मला नको. तिला वाचून दाखवा."

समोर एक रिकामी खुर्ची होती. मिसेस कॉबलनी ती टेबलाबाहेर ओढली, त्याच्याकडे तोंड करून ठेवली आणि स्वतः बाजूला उभ्या राहिल्या. पेनहॅलोने कागद उचलला. घसा साफ केला. प्रिय मिसेस टॅरंट, तुमच्या मुलीने तुम्हाला खरं सांगितलं होतं. तो प्रसंग तिने लिहिला. मी तेव्हा मायोर्कात मासे धरत होतो. तुमच्या लेनबद्दल ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. मी तिला खोटारडी ठरवलं, कारण ते मला सोयीचं होतं. एवढं त्याने पुटपुटत, मान खाली घालून वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला.

मिसेस कॉबलनी तो उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला.

"मोठ्याने वाचा," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं."